लाल इंजेक्शन आणि पायातल्या मुंग्या

माझ्या मामांची चप्पल चालता चालता पायातून निसटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. मागून कुणीतरी ओरडायचं, "अहो आण्णा, चप्पल राहिली की!" मामा शिरूर तालुक्यातले, माळकरी. रात्री तळपायाची आग, पोटऱ्यांत मुंग्या, डोळ्याला डोळा नाही. मामी तूप लावून काशाच्या वाटीने त्यांचे पाय घासायच्या. तळवे काळे झाले की "बघा, उष्णता निघाली," म्हणायच्या. तो काळेपणा वाटीच्या धातूचा, हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. तासाभराने मामा पुन्हा अंगणात येरझाऱ्या घालायचे.

एका दवाखान्यात 'नस दबली' म्हणून कमरेला पट्टा मिळाला. तो वर्षभर वापरल्यावर कुणीतरी रक्त तपासलं, तेव्हा बी-बारा जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं. तेव्हापासून मी या बी-बाराच्या नादी लागलो आहे.

आपल्याकडे त्याला सरळ 'लाल इंजेक्शन' म्हणतात. औषधाचा तो रंग रेणूच्या मध्यभागी बसलेल्या कोबाल्टच्या गुंफणीमुळे येतो. हे जीवनसत्त्व ना झाड बनवू शकतं ना जनावर. ते फक्त जिवाणू बनवतात. गाई-म्हशींच्या पोटातल्या जिवाणूंकडून ते दुधात उतरतं आणि दुधातून आपल्यापर्यंत येतं. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. ऐंशी वर्षांच्या आयुष्याचा हिशेब मी एकदा मांडून पाहिला, तर साठ-सत्तर मिलिग्रॅम झाले. म्हणजे तांदळाचे तीन-चार दाणे! पण तेवढं मिळालं नाही, तर मज्जातंतूंवरचं आवरण विरत जातं. वायरचं प्लास्टिक सोलल्यासारखं. मग मुंग्या, बधिरपणा आणि निसटणारी चप्पल. यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून हे सगळं चोरपावलांनी येतं.

या विषयाची मोठी शाळा आपल्या पुण्यातच आहे. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. त्याच केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. जवळजवळ दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-बारा कमी निघालं. फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व मात्र जवळपास सगळ्यांचं व्यवस्थित, कारण पालेभाजी आणि डाळ रोजच्या ताटात. ज्या आयांचं फोलेट भरपूर आणि बी-बारा कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची खूण सर्वांत जास्त दिसली. पुढे २००६ मध्ये ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ६७ टक्क्यांचं बी-बारा कमी होतं आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं! मला तर ही खेड्याची नाही, सदाशिव पेठेची बातमी वाटली.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ल्युसी विल्स या डॉक्टरीणबाई मला फार आवडतात. १९२८ च्या सुमारास त्या मुंबईला आल्या आणि गिरणीकामगार गर्भवतींचा पंडुरोग त्यांनी यीस्टच्या अर्काने बरा करून दाखवला. त्या अर्कातला घटक म्हणजे पुढे सापडलेलं फोलिक आम्ल, म्हणजेच वरचं फोलेट. गंमत अशी, की बी-बाराच्या कमतरतेत नुसतं फोलिक दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण मज्जातंतू आतल्या आत झिजतच राहतात.

आता बाकीची कारणं उरकतो. मधुमेह, थायरॉईड, दारू, कुष्ठरोग यांतही हातापायांना बधिरपणा येतो. अंगावरचा एखादा डाग बधिर वाटला तर थांबू नये. शुगरची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-बारा घटतं. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. धारा काढणाऱ्या बायांची बोटं रात्री बधिरतात आणि हात झटकला की बरं वाटतं, तेव्हा दुखणं मनगटातल्या नसेचं असू शकतं. पडल्यावर पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर लोह तपासावं.

आणि सगळ्याच झोपा काही रक्तातल्या कमतरतेमुळे उडत नाहीत. माझा मावसभाऊ दौंडला रेल्वेत आहे, त्याच्या ड्युटीला रात्र-दिवस ठाऊक नाही. शिरूरकडे थ्री फेज वीज रात्री आली की बारा वाजता उठून उसाला पाणी द्यायला जावं लागतं, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, कारण उसात बिबट्या. तिथून परतलेल्या माणसाला झोपेची गोळी देऊन काय होणार?

मामांच्या मुंग्या काही महिन्यांनी ओसरल्या. तळव्यांचा थोडा बधिरपणा मात्र राहिला, उशीर झाला होता. पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी बाही वर करायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं होतं.

"का रं, ह्यात अंडं-मटणाचं काय नाही ना?"

"नाही मामा. कारखान्यात जिवाणूंकडून करून घेतात. दुधाला विरजण लावतो ना, तसलंच काहीसं."

त्यांनी माळ सदऱ्याच्या आत सरकवली. "विरजण व्हय? मग टोच म्हणावं."