डबके आणि वेळापत्रक : शालेय परिसंस्था-शिक्षणाच्या पन्नास वर्षांचा मागोवा

मागोवा घ्यावयाचा तर कोठून तरी आरंभ करावा लागतो, आणि शाळकरी मुलांना परिसंस्था शिकविण्याच्या उद्योगाचा मागोवा घेणाऱ्यास १९७२ हे साल सोयीचे पडते. कारण त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणाविषयी संयुक्त राष्ट्रांची परिषद भरून तीत इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि प्रदूषण यांच्या नात्याविषयी केलेले भाषण जगभर गाजले, त्याच वर्षी आपल्या संसदेने वन्यजीव संरक्षणाचा अधिनियम संमत केला, महाराष्ट्रावर दुष्काळाची अशी छाया पडली की पुढे कित्येक वर्षे लोक आपले वयही त्या दुष्काळाच्या अलीकडचे की पलीकडचे असे सांगत राहिले, आणि या साऱ्या गलबल्यात कोणाच्या फारसे लक्षात न येता मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, सोळा शाळांतून सहावी ते आठवीच्या मुलांना विज्ञान शिकविण्याचा एक निराळाच प्रयोग सुरू झाला. परिषदेची, अधिनियमाची आणि दुष्काळाची दप्तरी नोंद झाली व ती योग्यच झाली. परंतु आपल्या विषयापुरते पाहू गेल्यास त्या सोळा शाळांचे मोल मला अधिक वाटते, आणि ते का वाटते हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

त्यापूर्वी आपल्याकडे मुलांना निसर्ग शिकवीत नसत असे मात्र समजू नये. इंग्रजी अमदानीच्या उत्तरकाळात प्राथमिक शाळांतून वस्तुपाठ दिले जात. गुरुजी मेजावर एखादी शेंग किंवा कापसाचे बोंड ठेवीत आणि मुले त्याचे रंग, आकार, भाग व उपयोग एकसुरात म्हणत. या पद्धतीत वस्तू खरी असे, हा तिचा मोठाच गुण. परंतु ती जेथून खुडून आणली तेथे तिचे कोणाकोणाशी नाते होते, हा प्रश्न मेजापर्यंत येताना वाटेतच गळून पडलेला असे. १९३७ साली वर्धा येथे नयी तालीमची कल्पना मांडली गेली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला, तेव्हा सामान्य विज्ञानात निसर्गनिरीक्षणाला स्थान मिळाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर कोसबाडच्या परिसरात, गुरे राखणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून, शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळेचा हेतू साक्षरतेचा होता, परिसंस्थाविज्ञानाचा नव्हे, हे खरे. तथापि गवत, गुरे, गोचीड आणि गोचीड वेचणारा पक्षी हे सारे एकाच नजरेच्या टप्प्यात असलेला वर्ग त्यानंतर फारसा कोठे भरला नाही, हेही तितकेच खरे.

शास्त्राची स्वतःची वाटचाल या काळात बरीच पुढे गेलेली होती. हेकेलने या विद्याशाखेचे नामकरण १८६६ साली केले. चार्ल्स एल्टनने १९२७ मध्ये अन्नसाखळीची आणि तिच्यातील संख्यांच्या मनोऱ्याची मांडणी केली. टान्सलेने १९३५ मध्ये सजीव आणि निर्जीव यांचा एकत्र विचार करणारी परिसंस्थेची संकल्पना दिली. लिंडमनने १९४२ मध्ये एका पोषणपातळीवरून दुसरीवर जाताना ऊर्जा कशी घटत जाते याचा हिशेब मांडला. आणि आपल्याकडे बनारस हिंदू विश्वविद्यालयात रामदेव मिश्र यांनी या शास्त्राचा पाया घातला. परंतु विद्यापीठातून शाळेपर्यंत येताना या सर्व विचारांतून जे शिल्लक राहिले ते म्हणजे गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि ससाणा अशी पाच नावे व त्यांच्यामधील चार बाण. एल्टनला जे अभिप्रेत होते ते अनेक साखळ्यांचे गुंतलेले जाळे. शाळेने त्यातला एक धागा उपसून घेतला, कारण तो फळ्यावर एका ओळीत मावतो आणि परीक्षेत रिकाम्या जागा भरण्यासही उपयोगी पडतो.

होशंगाबादेतील मंडळींनी नेमका येथेच वेगळा मार्ग धरला. रसुलिया येथील क्वेकरपंथीयांचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीजवळची किशोर भारती या दोन संस्थांनी राज्य शासनाची मंजुरी मिळवून हा कार्यक्रम सुरू केला; किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आपले काम सोडून तेथे गेलेले वैज्ञानिक होते. ‘बाल वैज्ञानिक’ या नावाने जी पुस्तके तयार झाली त्यांत उत्तरे नव्हती, करून पाहण्याच्या सूचना आणि त्यांवरील प्रश्न होते. मुलांनी लहान टोळ्या करून प्रयोग करावयाचे, वर्गाबाहेर परिभ्रमणास जावयाचे, जे दिसेल ते आपल्या वहीत आपल्या शब्दांत लिहावयाचे, आणि परीक्षेला बसताना पुस्तक व वही दोन्ही उघडून बसावयाचे, असा तेथला शिरस्ता होता. ज्या प्रश्नांची उत्तरे वर्गात मिळत नसत ते प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीस पत्राने कळविण्याची सोय होती, आणि ग्रामीण मुलांच्या हातची अशी पत्रे खरोखरच येत. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सहावी ते आठवीच्या सर्व शासकीय शाळांना लागू झाला, १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने त्याची धुरा घेतली, आणि पुढे तो इतर जिल्ह्यांतील शेकडो शाळांपर्यंत पोहोचला.

या प्रयोगाची स्तुती करणारे बहुधा त्यातील स्वस्त साहित्याची, काड्यापेटीच्या काड्यांची आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबची स्तुती करतात, आणि ती अयोग्य नाही. परंतु माझ्या मते त्यातील खरी क्रांती वस्तूंची नव्हती, अधिकारांची होती. शिक्षकास वर्ग बाहेर नेण्याची मुभा मिळाली. ‘मला ठाऊक नाही, आपण पाहू’ असे मुलांसमोर म्हणण्याची मोकळीक मिळाली, आणि ती पाळता यावी म्हणून उन्हाळी प्रशिक्षणाची, दरमहा भरणाऱ्या शिक्षकगोष्ठींची व शाळेला भेट देऊन मदत करणाऱ्यांची तजवीज झाली. परीक्षा बदलली. शासनाच्या यंत्रणेबाहेर एखादी आदर्श शाळा काढून जे साधता येते ते फार मंडळींनी साधले आहे. येथे मात्र बदली होणाऱ्या, जनगणनेच्या कामाला जुंपल्या जाणाऱ्या, सामान्य पगारी शिक्षकाच्या हातून ते साधावयाचे होते. तीस वर्षे ते बऱ्याच अंशी साधले, आणि २००२ मध्ये राज्य शासनाच्या एका निर्णयाने ते थांबले. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वादात येथे शिरत नाही.

दरम्यान कायद्याच्या बाजूने फर्मानांची मालिका सुरूच होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण राज्याच्या धोरणात आणि नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत आणले. १९७७ मध्ये तिबिलिसी येथे पर्यावरण-शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. १९८४ मध्ये अहमदाबादेत पर्यावरण-शिक्षण केंद्र उभे राहिले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विषयाचा पुरस्कार केला. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांनी पर्यावरणविषयक स्लाइड दाखवाव्यात येथपासून शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा करावा येथपर्यंत आदेश दिले, आणि त्यांची अंमलबजावणी यथायोग्य होत नाही असे दिसल्यावर २००३ मध्ये पुन्हा कान टोचले. न्यायालयाच्या हेतूविषयी कोणी शंका घेणार नाही. परंतु एखादी गोष्ट सक्तीची झाली की तिला गुण लागतात, गुण लागले की तपासणी लागते, आणि तपासणी लागली की ती वस्तू कागदावर दिसणे प्राप्त होते. म्हणून शहराशहरांतील स्टेशनरीच्या दुकानांत जलचक्राचे, अन्नजाळ्याचे आणि वनसंवर्धनाचे तयार तक्ते टांगले गेले, आणि ‘प्रकल्प’ म्हणजे ते तक्ते कापून वहीत डकविणे, असा अर्थ मुलांच्या व पालकांच्या मनात रुजला. दुकानदार बिचारा मागणीप्रमाणे पुरवठा करीत होता.

२००१ च्या सुमारास केंद्र शासनाने आरंभिलेल्या राष्ट्रीय हरित सेनेने शाळाशाळांत पर्यावरणमंडळे काढली, आणि काही ठिकाणी त्यांनी उत्तम काम केले. पण बहुतेक ठिकाणी त्यांच्या वर्षभराच्या अहवालात वृक्षारोपणापलीकडे काही आढळत नसे. वृक्षारोपण ही परिसंस्था-शिक्षणाची सर्वांत लोकप्रिय आणि, मला म्हणू द्यावे, सर्वांत फसवी कृती आहे. कारण सोलापूर-नगरच्या पर्जन्यछायेतील माळरानावर जेव्हा शाळेची मुले रांगेने सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावतात, तेव्हा त्यांना नकळत असे शिकविले जाते की गवताळ माळ ही रिकामी, दुरुस्तीची वाट पाहणारी जागा आहे. सातबाऱ्यावर ती पोटखराबा किंवा गायरान म्हणून दाखल असल्याने महसूल खात्याचेही मत तसेच असावे. वास्तविक माळढोक, धाविक, काळवीट आणि लांडगा यांना झाडांची नव्हे, मोकळ्या गवताची गरज असते, आणि नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये याच जाणिवेतून घोषित झाले होते. त्या तालुक्यातील एखाद्या सातवीच्या वर्गाने खड्डे खणण्याऐवजी हातभर चौरस गवतात किती जातींची पाती आहेत एवढेच मोजले असते, तरी अधिक शिकणे झाले असते.

याच अवधीत शाळेबाहेरची साखळी मात्र मुलांच्या डोळ्यांदेखत तुटत होती. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात इतकी वाढली होती की १९८७ मध्ये शासनास तिच्यावर बंदी घालावी लागली. नव्वदच्या दशकात गिधाडांची संख्या अशा वेगाने घटली की काही जातींत नव्वद टक्क्यांहून अधिक पक्षी नाहीसे झाले; गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांचा नाश करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. बाराव्या-तेराव्या वर्षीच्या मुलाला परिसंस्था म्हणजे काय हे समजावून सांगण्यासाठी याहून समर्थ दृष्टांत मला तरी सुचत नाही : पशुवैद्याच्या पिशवीतले एक इंजेक्शन, गावाबाहेर टाकलेले मेलेले बैल, आकाशातून हरवलेले पक्षी, न खाल्ल्या गेलेल्या मांसावर वाढलेली कुत्री, कुत्र्यांबरोबर येणारे पिसाळण्याचे भय, आणि मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजापुढे उभा राहिलेला अंत्यसंस्काराचा पेच. या गोष्टीत बाण सरळ रेषेत जात नाहीत. तरीही कित्येक वर्गांत गिधाड हे नैसर्गिक सफाई-कामगाराचे उदाहरण म्हणून, जणू ते खिडकीबाहेरच बसले आहे अशा थाटात, सांगितले जात राहिले.

आता आपल्या राज्याच्या पुस्तकांकडे वळू. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके आज पूर्वीपेक्षा पुष्कळ देखणी आणि, प्राथमिक वर्गांच्या ‘परिसर अभ्यासा’त विशेषेकरून, मुलांच्या भोवतालाशी बोलणारी आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २०१८ मध्ये आलेले आठवीचे ‘सामान्य विज्ञान’ पाहावे. त्यातील ‘परिसंस्था’ हे प्रकरण चांगले लिहिलेले आहे. परंतु एकोणीस प्रकरणांच्या त्या पुस्तकात ते अठरावे आहे, आणि ‘प्रदूषण’ आठवे. म्हणजे बिघाड आधी आणि ज्यात बिघाड झाला ती व्यवस्था दहा प्रकरणांनंतर. शिवाय अनुक्रमाने जाणारा शिक्षक अठराव्या प्रकरणाशी पोहोचतो तेव्हा फेब्रुवारी उजाडलेला असतो, विदर्भ-मराठवाड्यात जमिनीला भेगा पडू लागलेल्या असतात आणि वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक फलकावर लागण्याच्या बेतात असते.

महाराष्ट्रातील बहुतेक शाळा जूनच्या मध्यास उघडतात; म्हणजे निसर्ग आपले दुकान उघडतो त्याच आठवड्यात. पहिल्या सरींबरोबर वारुळांतून पंखधारी वाळवी निघते आणि कोतवाल, कावळे व पाली तिच्यावर तुटून पडतात. लालभडक मखमली मृगकिडे वाळूतून चालू लागतात. कुंपणाशी टाकळा उगवतो आणि काही दिवसांत त्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या दिसतात. मैदानाच्या कोपऱ्यातल्या डबक्यात आधी पाणी हिरवट होते, मग डासांच्या अळ्या येतात, मग बेडकांची शेपटीवाली पिल्ले, मग त्या दोघांनाही खाणाऱ्या चतुराच्या अळ्या, आणि अखेरीस काठावर एक ढोकरी ध्यान लावून उभी राहते. पुस्तकातल्या पाच नावांची साखळी येथे पाच आठवड्यांत आपोआप विणली जाते व दिवाळीनंतर उकलते. परंतु ती पाहावयाची तर त्याच डबक्याशी पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेत, पायांना चिखल लागून परत येण्याचा वेळ धरता, ते बसत नाही. मला या साऱ्या पन्नास वर्षांत विषयाची खरी अडचण पुस्तकात कधी आढळली नाही, शिक्षकाच्या ज्ञानातही फारशी नाही; ती तासाच्या घंटेत आढळली. संबंधांचे शास्त्र हे काळ जाऊ देऊन पाहण्याचे शास्त्र आहे, आणि शाळेने नेमका काळच तुकड्यांनी वाटून दिलेला आहे.

हे ज्यांनी ओळखले त्यांचे काम म्हणूनच टिकले. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात मूल एक झाड आपले म्हणून निवडते आणि दर आठवड्याला त्याची पालवी, मोहोर, फळे यांची नोंद करते. केरळातील शाळांनी त्यात मोठा वाटा उचलला, आणि विशूच्या सणाला लागणारा बहावा केव्हा फुलतो याविषयीची चर्चा घराघरांतील आठवणींवरून मुलांच्या नोंदींवर आली. येथे साहित्य काही लागत नाही. लागतो तो शाळेच्या दारातला एक वृक्ष आणि वर्षभर न बदलणारा आठवड्यातला एक अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासासाठीच मुख्याध्यापकांकडे सर्वांत जास्त खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातले त्यांस विचारावे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना शाळेची योजना आहे. स्थानिक कारागिरांकडे जाऊन त्यांचे काम शिकावे, हा तिचा मुख्य उद्देश. तो चांगलाच आहे. परंतु हे दहा दिवस एका सपाट्यात संपविण्याऐवजी त्यांतील काही तरी जून ते मार्च या शाळेच्या महिन्यांवर एकेक करून विखरून टाकले आणि प्रत्येक वेळी वर्ग त्याच डबक्याशी, त्याच माळाशी किंवा त्याच उंबराखाली नेला, तर पुस्तकातले अठरावे प्रकरण जूनमध्येच उघडावे लागेल. तशी विभागणी करण्यास धोरणात मज्जाव दिसत नाही. त्यासाठी नवे पुस्तक, नवा अधिनियम किंवा न्यायालयाचा हुकूमही नको. शाळेच्या पातळीवर वार्षिक नियोजनाचा जो तक्ता शाळा उघडताच भरून द्यावा लागतो, त्याच्या एका रकान्यात तारखा तेवढ्या लिहाव्या लागतील.