शेवटच्या चाचणीवर भिस्त नको
30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवालमध्ये प्लेगची लस टोचलेल्या 107 जणांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. त्या सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती. ठपका मुंबईत लस बनवणाऱ्या हाफकिन यांच्यावर आला. पुढे संशय वळला तो बाटली उघडताना जमिनीवर पडलेल्या चिमट्याकडे. निर्जंतुकपणा असा हाताच्या सवयीवर टिकतो, म्हणूनच आज लस कुप्यांत भरणाऱ्या क्लीनरूममधला, म्हणजे जंतुविरहित खोलीतला तंत्रज्ञ डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला असतो आणि मुद्दाम सावकाश हालतो. शेवटी तयार कुप्यांची चाचणी होतेच की, असे कुणी म्हणेल. पण हजारात एक कुपी दूषित असेल, तर 20 कुप्यांच्या नमुन्यात ती सापडण्याची शक्यता जेमतेम 2 टक्के! कुप्या भरणारी बंदिस्त यंत्रे आली, तरी त्यांत बसवलेल्या हातमोज्यांना छिद्र नाही ना, हे माणसालाच पाहावे लागते. अशा माणसाचे प्रशिक्षण खर्चात काटछाट करण्याची जागा ठरू नये.