७८६ ची नोट, दादीच्या पेटीतली नाणी आणि हाती लिहिलेले कुरआन : विकण्याआधी एवढे वाचा

‘७८६ नंबरची नोट असेल तर घरबसल्या लखपती व्हा’ अशा अर्थाचे मेसेज आपल्या मोबाईलवर अधूनमधून फिरत असतात. लोक बरकत म्हणून जपलेली नोट बाहेर काढतात, फोटो पाठवतात आणि समोरच्याने मागितलेली ‘रजिस्ट्रेशन फी’ भरून मोकळे होतात. दुसरीकडे, त्याच घरातल्या पेटीत पडलेली जुनी नाणी, बिदरी पानदान, फारसी सनद किंवा हाती लिहिलेली मुसहफ घर बदलताना भंगारवाल्याला किलोने जाते. दोन्हीकडे नुकसान आपलेच. म्हणून जुन्या वस्तूंचा बाजार कसा चालतो, लिलावात काय होते, कायदा काय म्हणतो आणि त्या पैशावर कोणाकोणाचा हक्क असतो, हे आम्ही इथे थोडक्यात मांडत आहोत.

७८६ चा हिशोब

नोटेवर अक्षरांपुढे सहा आकडी नंबर असतो. म्हणजे एका मालिकेत सुमारे दहा लाख नोटा. त्यांत ७, ८, ६ हे आकडे सलग येतात अशा नोटा जवळपास ४,००० निघतात. अशा किती मालिका छापल्या जातात याचा विचार करा, म्हणजे ही नोट दुर्मिळ का नाही ते कळेल. कोरी करकरीत असेल तर शौकीन माणूस दर्शनी किमतीपेक्षा थोडे जास्त देतो. ७८६७८६ असा पूर्ण नंबर असेल तर आणखी थोडे. पण लाखो रुपयांची गोष्ट सोडून द्या.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच लोकांना सावध केले होते. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, त्यासाठी बँक कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. तेव्हा विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागितले गेले की तिथेच थांबायचे.

आणखी एक. ७८६ नंबरच्या म्हणून बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा कोणी साठवल्या असतील तर २०१७ चा कायदा लक्षात ठेवा. अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगणे गुन्हा आहे. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा २५ नोटांची आहे.

किंमत कशामुळे चढते?

‘जितकी जुनी, तितकी महाग’ हा समज चुकीचा आहे. वस्तू किती दुर्मिळ, किती चांगल्या अवस्थेत, आणि ती कोणाची होती याचा पुरावा किती पक्का, या तीन गोष्टींवर भाव ठरतो.

टिपू सुलतान यांच्या शयनकक्षातली तलवार मे २०२३ मध्ये लंडनच्या बॉनहॅम्स या लिलावघरात विकली गेली. अंदाज होता १५ ते २० लाख पौंडांचा. विकली गेली १ कोटी ४० लाख पौंडांहून जास्त किमतीला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १४० कोटी रुपये. अठराव्या शतकातल्या तलवारी जगात भरपूर आहेत. या तलवारीच्या पात्यावर ‘शमशीर-ए-मलिक’ अशी अक्षरे होती आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ती इंग्रज सेनापती डेव्हिड बेअर्ड याला दिली गेली, हा इतिहास तिच्यासोबत होता. पैसे त्या इतिहासाचे मिळाले.

आपल्या घरालाही हेच लागू आहे. नाना कुठल्या संस्थानात नोकरीला होते, ही सनद कोणाच्या नावची, ही वस्तू घरात कधी आली, हे सांगणारी म्हातारी माणसे हयात असतील तर आजच विचारून लिहून ठेवा. जुनी पत्रे आणि फोटो त्या वस्तूसोबतच ठेवा.

पेटीत काय असू शकते?

मोगल चांदीचा रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा असतो. त्यावर बादशाहचे नाव, हिजरी सन आणि ‘जर्ब’ या शब्दापाशी टांकसाळीचे गाव लिहिलेले असते. सूरत टांकसाळीचे रुपये बाजारात भरपूर मिळतात, त्यामुळे त्यांना माफक भाव येतो. त्याच बादशाहचा, पण कमी चाललेल्या टांकसाळीचा रुपया कित्येक पट जास्त देऊन जातो. म्हणून उर्दू-फारसी वाचणाऱ्याकडून आधी नाणे वाचून घ्या. आणि नाणे चिंचेने, राखेने किंवा पॉलिशने घासू नका. घासलेल्या नाण्याचा भाव पडतो आणि तो परत चढत नाही.

जुन्या कुरआन प्रतींबाबत मोठा गैरसमज आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि लखनौमध्ये शिळाछापावर कुरआन छापले जात. ते हुबेहूब हस्तलिखितासारखे दिसतात. शेवटच्या पानावर ‘मतबा’ म्हणजे छापखान्याचे नाव असेल तर ती छापील प्रत समजा. खऱ्या हस्तलिखितात शेवटी बहुधा कातिबचे नाव आणि सन सापडतो. पान सुटले असेल तर सेलोटेप किंवा फेविकॉल लावू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा.

लिलावातला पैसा कुठे जातो?

आपण वस्तू लिलावघराकडे देतो तेव्हा करार होतो. तज्ज्ञ ती तपासतात, तिला लॉट नंबर मिळतो आणि कॅटलॉगमध्ये अंदाजित किंमत छापली जाते. ‘राखीव किंमत’ वेगळी असते. त्याखाली बोली राहिली तर वस्तू विकली जात नाही. ही किंमत करारात लिहून घेणे आपल्या हातात आहे.

समजा हातोडा १,००,००० रुपयांवर पडला. घेणाऱ्याला वर २० टक्के प्रीमियम असेल तर तो १,२०,००० भरतो. विकणाऱ्याचे कमिशन १० टक्के असेल तर आपल्याला मिळतात ९०,०००. कर वेगळे. टक्केवारी प्रत्येक लिलावघराची निराळी असते, म्हणून सही करण्याआधी विचारा. फोटो, विमा, वाहतूक यांचा खर्च कोणाचा, वस्तू विकली गेली नाही तर परत आणण्याचा खर्च कोणाचा, हेही विचारा.

लिलाव आपल्या दीनमध्ये जायज आहे का, असेही काही वाचक विचारतात. चढत्या बोलीची विक्री, म्हणजे मुजायदा, जायज मानली गेली आहे. एका गरजू अन्सारी माणसाची चादर आणि प्याला प्रेषित (सल्ल.) यांनी स्वतः बोली लावून दोन दिरहमला विकल्याची हदीस अबू दाऊद आणि तिरमिजीत आहे. मनाई आहे ती ‘नजश’ची, म्हणजे घ्यायचे नसताना भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावण्याची. तेव्हा आपलीच वस्तू चढवायला चुलतभावाला बोलीत बसवू नका.

कायद्याची चौकट

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा नाणे, आणि ७५ वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित किंवा दस्तऐवज हे ‘पुरावशेष’ ठरतात. आपल्या मालकीची वस्तू देशात विकता येते. मात्र असा व्यापार करणाऱ्याकडे परवाना हवा. चित्रे किंवा सोनेरी नक्षी असलेल्या हस्तलिखितांची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते.

पुरावशेष देशाबाहेर नेण्याची मनाई आहे, आणि सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. दुबई किंवा लंडनच्या नातेवाइकाकडे बॅगेतून नाणी पाठवणे याच कलमात येते. वस्तू एकदा बाहेर गेली की ती परत येणे किती अवघड, हे रघुजी भोसले यांच्या तलवारीने दाखवले. २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीज लिलावातून ती मिळवायला महाराष्ट्र सरकारला सुमारे ४७ लाख रुपये मोजावे लागले.

शेतात किंवा घराच्या पायात हंडा सापडला तर तो आपला होत नाही. १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. हस्तिदंताच्या वस्तूंची विक्री तर पूर्ण बंद आहे.

हक्क कोणाचा?

इथेच घरे तुटतात. मरहूम दादाजींची नाणी ज्याच्या ताब्यात, त्याचीच असे होत नाही. तो तरका आहे. कर्ज आणि वसीयत वजा करून तो सर्व वारसांत वाटायचा असतो. वरच्याच ९०,००० चा हिशोब पाहा. मयताचे आईवडील हयात नसून मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असेल, तर पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे ११,२५०, प्रत्येक मुलाला ३१,५०० आणि मुलीला १५,७५०. जमिनीत फुफीचा हिस्सा निदान कागदावर तरी दिसतो. पेटीतल्या नाण्यांत तो कोणाला आठवतही नाही. वारस जास्त किंवा वेगळे असतील तर आलिमांकडून हिस्से काढून घ्या.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘वक्फ’ असा शेरा किंवा मशीद, मदरसा, दर्ग्याचा शिक्का असेल तर ती वस्तू विकायचीच नाही. ती अमानत आहे. जिथली तिथे पोहोचवा.

विकायची ठरली तर सर्व वारसांची लेखी संमती घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन नोंदवा, आणि किमान दोन जाणकारांना दाखवा. फोनवरच्या अनोळखी ‘खरेदीदारा’ला आधार, पॅन किंवा ओटीपी देऊ नका. मोठी रक्कम येणार असेल तर कराबद्दल सीएला विचारा. आणि विकायची गरजच नसेल, तर मुंबईची अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी किंवा अहमदाबादची पीर मुहम्मद शाह लायब्ररी अशा ठिकाणी विचारून पाहा. पेटीत वाळवी लागण्यापेक्षा हस्तलिखित तिथे वाचणाऱ्यांच्या हाती पडेल.