फोन वाजतो, मग ऐकू का येत नाही?

टिटवाळ्याच्या आपल्या गटांमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं : "ताई, फोन येऊन गेला, पण आवाजच आला नाही." तो फोन कधी बँकेचा असतो, कधी आशाताईंचा, कधी मुलांच्या शाळेचा. म्हणून आज रिंगटोनच्या आवाजाविषयी बोलू या.

स्मार्टफोनमध्ये आवाज एकच नसतो. गाण्यांचा वेगळा, रिंगचा वेगळा, अलार्मचा वेगळा. २०१८ साली अँड्रॉइड ९ आलं, तेव्हापासून बहुतेक फोनमध्ये बाजूचं बटण दाबलं की गाण्या-व्हिडिओचा आवाज बदलतो, रिंगचा नाही. म्हणून बटण कितीही दाबलं तरी रिंग बारीकच राहते. सेटिंगमध्ये 'साउंड' उघडा आणि रिंगटोनची रेघ उजवीकडे सरकवा. साध्या बटणांच्या फोनमध्ये बऱ्याचदा हॅशचं बटण दाबून धरलं की फोन मुका होतो. पोरं खेळताना नेमकं हेच होतं. पुन्हा तसंच दाबून धरलं की आवाज परत येतो.

आता जागा. पिशवीत, कपड्यांच्या घडीत, उशीखाली आवाज दबतो. त्यातही किनरे सूर कापडात लवकर विरतात. वय वाढलं की कानालाही आधी किनरे सूरच कमी ऐकू येतात. म्हणून सासूबाईंच्या फोनला चिवचिवाट नको, जरा भरदार सुराची रिंग लावा. घरात असताना फोन रिकाम्या स्टीलच्या वाटीत उभा ठेवा, आवाज मोठा होतो. पाणी आणि चूल मात्र लांब हवी.

रात्री झोप हवी, पण दवाखान्यातला फोन चुकायला नको. त्यासाठी 'डू नॉट डिस्टर्ब' असतं. आवडत्या यादीत घातलेल्या माणसांचे फोन त्यातून वाजू देता येतात. तोच माणूस १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करील तर तोही वाजेल, अशी सोय असते. कसारा लोकलमध्ये, देवळात, बैठकीत फोन थरथरण्यावर ठेवा.

आणखी एक. काही जणी फोन मुद्दाम मुका ठेवतात, कारण वाजला की घरात लगेच विचारतात, "कोणाचा?" ही अडचण बटणाची नाही. गटाचा, बँकेचा, डॉक्टरांचा फोन येणार, हे घरात आधीच मोकळेपणानं सांगा. या नंबरांना वेगळी रिंगटोन लावता येते. भाकरी थापतानाही तुम्हाला कळेल, हा फोन घ्यायचाच आहे. कर्जाची तारीख, लसीचा दिवस आपल्या कानावर थेट आला, तर निर्णयही आपल्याला वेळेवर घेता येतो.

पुढच्या बैठकीत दोघी-दोघी बसा, एकमेकींना फोन लावून बघा. जिचा वाजणार नाही, तिचा तिथेच दुरुस्त करा.