पटकी, पोथी आणि एक उर्दू वही

शिर्डीच्या मशिदीला लागून गावची शाळा होती. माधवराव देशपांडे तिथे मास्तर. साईबाबा त्यांना शामा म्हणत. बाबांनी एकदा एका रामदासी बुवाला सोनामुखी आणायला बाजारात पिटाळले आणि त्याच्या सामानातली विष्णुसहस्रनामाची पोथी काढून माधवरावांच्या हाती ठेवली. बुवा परतल्यावर भांडला ते वेगळेच. माधवरावही कुरकुरले, कारण संस्कृत त्यांना परके. रोज एक नाव वाच, एवढीच बाबांची अट. पुढे हेच मास्तर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापक नारक्यांना सहस्रनाम समजावून सांगू लागले, असे ‘श्रीसाईसच्चरित’ नोंदवते.

1911 च्या जनगणनेत देशात शंभरात सहा माणसेही साक्षर नव्हती. बायकांत जेमतेम एक. अशा काळात वाचायचे कशासाठी, याचे उत्तर शाळेपेक्षा संकटाने जास्त ठसठशीत दिले. साधारण 1910 च्या सुमारास पटकीची साथ आली तेव्हा बाबा जात्यावर गहू दळायला बसले. गावच्या चार बायकांनी खुंटा हातात घेतला, दळता दळता बाबांच्या लीला गायल्या, आणि पीठ वाटून घ्यायला निघाल्या तसे बाबा संतापले. ते पीठ शिवेवर नेऊन टाकायला लावले. पिठाने जंतू मेले का, याचे उत्तर डॉक्टरांनी द्यावे. आपल्याला महत्त्वाचे ते हे, की हा प्रकार पाहणाऱ्यांत गोविंद रघुनाथ दाभोलकर होते. सरकारी कागदांत आयुष्य गेलेला माणूस. बाबांनी त्यांना हेमाडपंत नाव ठेवले. त्या दळणातून त्यांना बाबांचे चरित्र, म्हणजे ‘श्रीसाईसच्चरित’, लिहिण्याची ओढ लागली. नऊ हजारांहून अधिक ओव्या! 1923 पासून त्या ‘साईलीला’ मासिकात येत राहिल्या. 1929 मध्ये दाभोलकर गेले.

त्यांनी गद्य सोडून ओवी घेतली हा त्यांचा शहाणपणा. ओवी एकाने वाचायची आणि दहांनी ऐकायची. सप्ताहात न वाचणारेही अध्याय जाणतात, आणि ऐकून पाठ झालेली ओळ पुढे पोथीत बोटाने शोधता येते. पुष्कळ आज्ज्यांचे वाचन असेच सुरू झाले असावे, असा माझा कयास आहे. शिर्डीपासून दूर, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून आलेल्या मुली छापखान्यात खिळे जुळवत होत्या. रमाबाईंचे मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये पूर्ण छापून निघाले. श्रद्धा निराळी, संकट निराळे, पण अक्षराकडे जायची वाट फारशी वेगळी नाही.

1918 च्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात हाहाकार माजवला होता. त्याच दिवसांत बाबांनी वझे नावाच्या भक्ताकडून ‘रामविजया’चे पारायण करवून घेतले, वाचून वाचून वझे थकले. 15 ऑक्टोबरला, दसऱ्याला, बाबा गेले आणि खरी कसोटी तिथून लागली. देह मोकळ्या जागेत पुरायचा की भक्त बुट्टींच्या वाड्यात ठेवायचा, यावर मुसलमान आणि हिंदू भक्तांत वाद झाला. शेवटी वाडा ठरला. 1922 मध्ये नगरच्या जिल्हा न्यायालयाच्या योजनेने संस्थान उभे राहिले. बाबा कोणाचे, हा प्रश्न आता कागदावर आला होता.

कागद मात्र दोन होते. नांदेडहून 1889 च्या सुमारास आलेले अब्दुलबाबा मशिदीत दिवे लावत, पाणी भरत, आणि बाबांपुढे बसून कुराण वाचत. बाबा जे सांगत ते त्यांनी एका वहीत उर्दूत टिपले: इस्लामचा इतिहास, सूफी परंपरा, प्रार्थना. दाभोलकरांच्या ओव्यांना मासिक मिळाले, पारायणाची रीत मिळाली, संस्थान मिळाले. वहीला यातले काही मिळाले नाही. कोणी मुद्दाम दडपली असे मी म्हणणार नाही. शिर्डीच्या बहुसंख्य भक्तांना ती लिपीच वाचता येत नव्हती, आणि जे वाचता येते तेच आपले वाटू लागते. श्रद्धेने जोडलेल्या साक्षरतेची ही दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. सच्चरितातले बाबा मशिदीला द्वारकामाई म्हणतात आणि ‘अल्ला मालिक’ही म्हणतात, तरी वाचकाच्या मनातली मूर्ती ओवीच्या सुराने घडली.

शतकभराने पुन्हा साथ आली. 17 मार्च 2020 रोजी करोनामुळे समाधी मंदिर बंद झाले; ते पाडव्याला, 16 नोव्हेंबरला उघडले. पुन्हा 2021 मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर बंद. दर्शन बंद असले तरी घरातली पोथी उघडता येत होती. साईभक्तांच्या हाताशी तेव्हा होती ती दाभोलकरांचीच. अब्दुलबाबा 1954 मध्ये गेले. त्यांच्या वहीचा इंग्रजी अनुवाद मारियान वॉरेन यांच्या ग्रंथात आला, तो 1999 मध्ये.