घसरत्या मोटारीचा विमा : ठेवावा की सोडावा?

व्यापाऱ्यास घसारा हा शब्द नवा नाही. दुकानातील तराजू असो वा कारखान्यातील यंत्र, त्याचा घसारा आपण दर साल निमूटपणे वहीत लिहितो. परंतु घरच्या मोटारीचा घसारा मनास रुचत नाही; आणि ती मोटार चिरंजीवांनी हौसेने घेतलेली, दोन आसनांची, शर्यतीच्या थाटाची असली तर मुळीच रुचत नाही. अशी एक गाडी अथाल येथे आमच्या घरी आहे. तिला यंदा चार वर्षे पूर्ण झाली. विम्याच्या नूतनीकरणाचा कागद आला त्या रात्री जेवतानाच वाद निघाला. वडील म्हणाले, "किंमत निम्म्यावर आली, आता हप्ता कशास?" चिरंजीव म्हणाले, "गाडी गेली तर पुन्हा घेता येणार नाही." त्या निमित्ताने आम्ही जो हिशेब मांडला, तो सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहोत. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीने दुसऱ्यास इजा वा नुकसान झाल्यास त्याच्या भरपाईचा, म्हणजे तृतीय पक्षाचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. तो सोडण्याचा विचारही करू नये. आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र ऐच्छिक आहे. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर बँक तो मागतेच. कर्ज फिटले असेल तरच निर्णय आपल्या हाती येतो.

आता किमतीकडे वळू. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकाने घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे गाडीची विमा-किंमत तिसऱ्या वर्षात मूळ किमतीच्या शेकडा ७०, चौथ्यात ६० व पाचव्यात ५० धरली जाते. पाच वर्षांनंतर ती उभयतांच्या संमतीने ठरते. आमची गाडी २४ लाखांची. म्हणजे आता १२ लाखांची. या भागाचा हप्ता ३०,००० रुपये. चार वर्षांत एकही दावा केला नाही, म्हणून शेकडा ४५ सूट मिळून तो १६,५०० वर आला.

येथे व्यापारी बुद्धीने एक प्रश्न विचारावा. लहान अपघातात हा विमा खरोखर काय देतो? समजा, पुढचा बंपर फुटला. प्लॅस्टिकचे भाग २०,००० चे, मजुरी ६,००० ची. प्लॅस्टिकवर निम्मा घसारा कापला जातो, शिवाय १५०० घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या गाडीस २,००० रुपये स्वतः सोसावे लागतात. हाती आले १४,०००. परंतु दावा केला की पुढील वर्षी मिळावयाची शेकडा ५० सूट जाते. हप्ता २८,००० असेल तर तेही १४,००० च. त्यानंतरच्या वर्षीही सूट २० पासूनच पुन्हा सुरू होते. म्हणजे लहान नुकसान आपण विमा असूनही स्वतःच सोसतो. हप्ता खरा भरतो तो मोठ्या आपत्तीसाठी.

मोठ्या आपत्तीचा भाव पाहू. १२ लाखांवर १६,५०० म्हणजे शेकडा सुमारे १ रुपया ३८ पैसे. अथालचा रस्ता कारखान्यांच्या मालमोटारींनी गजबजलेला. शेजारून दमणगंगा वाहते. ऑगस्ट २००४ चा तिचा पूर येथील जुन्या लोकांच्या स्मरणात आहे. पूर, आग व चोरी ही सारी याच ऐच्छिक भागात येतात. जमिनीलगत बसणाऱ्या गाडीस तर थोडे पाणीही पुरते. मात्र पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन बिघडले, तर ते नुकसान साध्या विमापत्रात सहसा मिळत नाही, हे चालविणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

उलट बाजूही आहे. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर शेकडा ४० व दहा वर्षांनंतर ५० घसारा कापला जातो. फायबर ग्लासच्या भागांवर ३० कापतात. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी अशाच अंगाची होती. शिवाय दुरुस्तीचा खर्च विमा-किमतीच्या शेकडा ७५ हून अधिक झाला की गाडी पूर्ण निकामी धरली जाते. गाडीची किंमत ३ लाखांवर आली असता सव्वादोन लाखांची दुरुस्तीच ही सीमा गाठते. परदेशी सुट्या भागांस ते अवघड नाही. तेव्हा हप्ता ९,००० असला तरी तो शेकडा ३ पडतो, आणि मिळणारी रक्कम वर्षागणिक आटत जाते.

म्हणून आमच्या घरी असे ठरले. १२ लाखांचा फटका दुकानाच्या भांडवलास हात न लावता सोसता येणार नाही. सबब यंदा विमा ठेवावा. किंमत ३ लाखांखाली गेली की सोडावा, आणि वाचलेला हप्ता खर्चात न घालता वेगळ्या खात्यात जमा करावा. मधला मार्ग म्हणून सक्तीच्या विम्यास केवळ आग व चोरी जोडून मिळते का, हे तेव्हा कंपनीस विचारावे. मुदत चुकवू नये. विमा संपून ९० दिवस उलटले की साठलेली सूट जाते.

हप्ता जड वाटतो की हलका, हा खरा प्रश्न नव्हे. उद्या गाडी गेली तर घर व धंदा डगमगेल काय, हा खरा प्रश्न होय. जे सोसवत नाही त्याचा विमा उतरवावा. जे सोसवते त्यासाठी गाठीस पैसा ठेवावा. वडिलांनी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. चिरंजीवांनी त्याखाली सही केली, आणि जाता जाता गाडीवरची धूळही पुसली.