काचेच्या भांड्यातले कासव
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

देवळात गेलो की आपण आधी सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावतो आणि मग गाभाऱ्याकडे वळतो. त्या कासवापासून कुणाला काही अपाय नाही. आज मी बोलणार आहे ते काचेच्या भांड्यातल्या जिवंत कासवाविषयी. ते माझ्याच घरात होते आणि त्याचा धडा मला जरा महागात पडला.

श्रीपूरला माझा दवाखाना आहे. साखर कारखान्याचे गाव. गळिताच्या हंगामात ऊसतोडणी कामगारांची मुले जुलाबाने आजारी पडून येतात, तेव्हा त्यांच्या आयांना मी रोज बजावतो, ‘बाई, साबणाने हात धुवा.’ त्याच दिवसांत माझ्या नातीला वाढदिवसाला एक कासव मिळाले. नाण्यापेक्षा थोडेसे मोठे, हिरवे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले. भांड्यातले पाणी ती स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ओतायची आणि भांडेही तिथेच घासायची. शेजारी तिच्या पाच महिन्यांच्या भावाची दुधाची बाटली उपडी घातलेली असे.

एके दिवशी बाळाला ताप आला. दुसऱ्या दिवशी जुलाबात रक्त दिसले. तीन दिवस सलाईन लावावे लागले. शौचाच्या तपासणीत साल्मोनेला नावाचे जंतू निघाले. बालरोगतज्ज्ञांनी विचारले, ‘डॉक्टरसाहेब, घरात काही पाळलंय का?’ मी म्हणालो, ‘छे, कुत्रा नाही, मांजर नाही.’ कासव मला आठवलेसुद्धा नाही! ते आठवले नातीला. बाळ बरे झाले. भांड्यातले पाणी आम्ही तपासून घेतले नव्हते, म्हणून कासवच दोषी असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण बाळ दुधाशिवाय काही घेत नव्हते आणि घरात दुसरे कुणी आजारी नव्हते.

साल्मोनेला हे नाव डॅनियल साल्मन या अमेरिकन पशुवैद्यकावरून पडले. साल्मन माशाशी त्याचा संबंध नाही. विषमज्वराचे, म्हणजे टायफॉईडचे, जंतू याच कुळातले. पण ते फक्त माणसाकडून माणसाकडे जातात. याच कुळातले इतर अनेक जंतू कासव, सरडा, साप यांच्या आतड्यात सुखाने राहतात. त्यांना त्याचा काही त्रास होत नाही. प्राणी टवटवीत दिसतो, पण विष्ठेतून जंतू अधूनमधून बाहेर पडत राहतात. म्हणून एकदा तपासणी करून काही आढळले नाही, तरी प्राणी निर्धोक ठरत नाही. कासव तर आपल्या विष्ठेच्याच पाण्यात राहते. त्यामुळे पाणी, कवच, भांडे सगळ्यालाच जंतू लागतात.

अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी झाली ती यामुळेच. एवढेसे कासव लहान मूल सहज तोंडात घालते.

आपल्या घरच्या पालीचेही असेच. पाल पडलेले दूध आजी फेकून द्यायची, ‘विषारी आहे’ म्हणायची. आपल्या घरातल्या पालीला विष नसते. पण तिच्या विष्ठेत हे जंतू असू शकतात. आजीचे कारण चुकले, कृती बरोबर होती. अन्न झाकून ठेवावे, हेच खरे.

जंतू पोटात गेल्यावर साधारण सहा तासांपासून तीन दिवसांत ताप, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस आठवड्याभरात बरा होतो. त्याला बहुधा अँटिबायोटिकची गरज नसते. मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस पाजत राहावे. तान्ही बाळे, म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांच्यात मात्र जंतू रक्तात शिरू शकतात. शौचात रक्त, खूप ताप किंवा बाळ मलूल दिसले, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

पाच वर्षांखालचे मूल घरात असेल, तर असा प्राणी पाळूच नये. पाळला असेल, तर त्याला किंवा त्याच्या भांड्याला हात लावल्यावर लगेच साबणाने वीस सेकंद हात चोळून धुवावेत. भांडे स्वयंपाकघरात धुऊ नये. पाणी संडासात ओतावे. प्राण्याची पापी घेऊ नये. त्याला ओट्यावर, जेवणाच्या जागी सोडू नये. जंतू घालवण्यासाठी कासवाला औषधे देऊ नयेत. त्याने जंतू हटत नाहीत, उलट औषधाला दाद न देणारे होऊ शकतात.

आणखी एक. नदीत, विहिरीत सापडणारे आपले देशी कासव किंवा पाठीवर चांदण्या असलेले कासव घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग ते वास्तूसाठी असो की लक्ष्मीसाठी. लाल पट्ट्याचे कासव मूळचे अमेरिकेचे. कंटाळा आला म्हणून ते नदीत सोडू नये. ते देशी कासवांच्या तोंडचा घास पळवते.

आमचे कासव लहान मूल नसलेल्या एका स्नेह्यांकडे गेले. नात अधूनमधून त्याला भेटून येते. घरी आल्यावर ती आधी मोरीकडे जाते. आणि मी दवाखान्यात आता रोग्याला एक प्रश्न जास्तीचा विचारतो, ‘घरात काही पाळलंय का? कासवसुद्धा सांगा.’